आत्ती माझी मुलाखत घेतात

दुपारचे अडीच वाजलेत आणि मी झोपलेली नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून कुणीही म्हणेल, बाई झोपली होती. मी नुसती लवंडलेय. वाकळेची घडी उशाला घेतलीय, एक गाल तिच्या काठावर टेकलाय. काठ जरा टोचतोय, पण जुन्या लुगड्यांची वाकळ म्हटल्यावर शिवणीत गाठी असायच्याच. ऑक्टोबरचं ऊन पत्र्यावर तापलंय. बाहेर सोप्यात मामा, म्हणजे माझे सासरे, रेडिओवर द्राक्षावरच्या भुरी रोगाची माहिती ऐकतायत. आमच्याकडे द्राक्षाचा एक वेल नाही. आम्ही लोहार, ह्यांचं वेल्डिंगचं दुकान आहे. तरी भुरीचा बंदोबस्त कसा करायचा हे मामांना अख्ख्या तासगाव तालुक्यात सगळ्यात जास्त माहीत असेल.

वाकळेच्या घडीत एक कागद आहे. काल सेवा केंद्रातनं छापून आणला. त्यावर सतराव्या नंबरला माझं नाव आहे: हेमलता संभाजी लोहार. एएनएमच्या, म्हणजे नर्सच्या, कोर्सला माझी निवड झालीय. दोन वर्षं सांगलीला हॉस्टेलवर राहायचं, शिकायचं, आणि मग पांढरी साडी नेसून आरोग्य केंद्रात नोकरीला लागायचं. खाली ठळक अक्षरात लिहिलंय की उद्या संध्याकाळी पाचच्या आत मूळ कागदपत्रांसह हजर झाला नाहीत, तर जागा प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या मुलीला जाईल. मला पस्तिसावं चालू आहे. पुढच्या वर्षी वय निघून जातंय. म्हणजे उद्या पाच वाजता जे काय व्हायचं ते कायमचं होणार.

मी जाणार नाही. घरात अजून कुणाला सांगितलेलंच नाही, त्यामुळे न जायला परवानगी काढायचीही गरज नाही.

कारण एक गोळी आहे. माझ्या सासूबाई, अनुसयाबाई, आम्ही त्यांना आत्ती म्हणायचो, लकवा होऊन अठरा महिने अंथरुणावर होत्या. त्यांचं सगळं मी केलं. दर दोन तासांनी कूस बदलली, अंग पुसलं, पाठीला पावडर लावली. एकदा आरोग्य केंद्रातल्या सिस्टर आल्या, त्यांनी आत्तींना कुशीवर वळवलं आणि पाठ बघत बराच वेळ बसून राहिल्या. अठरा महिन्यांत एक जखम नाही. "कुणी शिकवलं तुम्हाला?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, कुणी नाही, ह्याच ओरडून ओरडून शिकवतात. पुढं एएनएमचा फॉर्म भरायला लावला तो ह्याच सिस्टरांनी.

पण फाल्गुनात एका संध्याकाळी मी गल्लीत सुताराच्या सुनेच्या डोहाळजेवणाला गेले, येऊन भाकरी टाकल्या आणि झोपले. सकाळी आत्ती गेलेल्या होत्या. तोंडात पाणी घालायला वाटी हवी म्हणून मी फळीवरची वाटी उचलली, तर वाटीत आदल्या संध्याकाळची त्यांची गोळी तशीच. मी ती मोरीत टाकली आणि त्याच वाटीतनं त्यांना पाणी घातलं. हे मला आणि मोरीला सोडून कुणाला माहीत नाही. जिच्या हातून घरातलं एकुलतं एक पेशंट असं गेलं, तिनं पांढरी साडी नेसून कुणाच्या नाडीला हात लावायचा?

पंखा कुरकुरतो. भुरी आली की पानावर पांढरी पावडर दिसते, रेडिओ सांगतो. पावडर म्हटल्यावर मला आत्तींची पाठ दिसते.

"ही वाकळ पांघरायची आसती. उशाला घेत्यात व्हय?"

मी डोळे उघडत नाही. उघडायची गरजच नाही, हा आवाज मला रेडिओच्या वरनंही ऐकू येतो.

"आत्ती?"

"न्हाई, तुजी म्हस."

आत्ती पायथ्याला उभ्या आहेत. दोन्ही पायांवर. हिरवं इरकली लुगडं, कपाळावर ठसठशीत कुंकू आणि तोंडात पानाचा तोबरा. डावा हात, जो अठरा महिने मी उचलून इकडचा तिकडं ठेवला, तो खुशाल कमरेवर आहे.

"तुम्ही उभ्या कशा?"

"मंग? मेल्यावरबी पडूनच ऱ्हाऊ व्हय?" त्या वाकून वाकळेचा काठ चाचपतात. "ही नदीला टाकली न्हाईस."

हे मात्र खरं. माणूस गेलं की त्याचं अंथरूण-पांघरूण टाकून देतात. गादी टाकली, चादरी टाकल्या, पण ही वाकळ आत्तींनी स्वतः शिवलेली, ती मी पेटीमागं दडवली. धुतलीसुद्धा नाही.

"का न्हाई टाकलीस?"

"थंडी वाजते मला."

"आक्टोबरात?"

मला त्यांची फार आठवण येते, वाकळेला अजून त्यांचा वास आहे, म्हणून ठेवली. पण हे असं तोंडावर सांगायची आमच्या घरात पद्धत नाही. आत्तींनाही ते कळलं असावं, कारण त्या लगेच घसा खाकरून म्हणतात, "ऊठ. तोंड धू. तुजी मुलाखत हाय."

"मुलाखत नसते आत्ती, बारावीच्या मार्कांवर घेतात."

"ते तिकडं. हिकडं आसती."

मी तोंड धुवायला स्वयंपाकघरात जाते, तर तिथं लांबलचक टेबल आहे. हे टेबल आमच्या स्वयंपाकघरात मावणं शक्य नाही, पण मावलंय. मसाल्याचे डबे ओळीनं मांडलेत आणि प्रत्येकावर पेशंटचं नाव चिकटवलंय. हळदीच्या डब्यावर कावीळ लिहिलंय, ते मला बरोबर वाटतं. दाराबाहेर अठरा-अठरा वर्षांच्या पोरी छातीशी फायली धरून उभ्या आहेत, बहुतेक माझ्या लेकीपेक्षा, प्रणालीपेक्षा, चार वर्षांनी मोठ्या असतील. त्या मला बघून बाजूला होतात, कारण त्यांना वाटतं मी कुणाची तरी आई आहे.

टेबलामागं आत्ती बसल्यात. डोक्यावरच्या पदरावर नर्सची पांढरी टोपी, दोन काळ्या पिना लावून पक्की केलेली.

"नाव?"

"आत्ती, माझं नाव तुम्हीच ठेवलंय. लग्नात."

"ठिवलं आसंल. कागदावर काय हाय ते बगाया नगं?"

"हेमलता संभाजी लोहार."

"आनुभव?"

"अठरा महिने."

"कुठल्या दवाखान्यात?"

"तुमच्याच खोलीत."

आत्ती लिहून घेतात. त्यांना लिहायला येत नव्हतं, पण आता झरझर लिहितायत. मी वाकून बघते तर कागदावर नुसत्या रांगोळीच्या ठिपक्यांच्या ओळी आहेत.

"पेशंट कसा हुता?"

"खरं सांगू?"

"हितं खोटं चालत न्हाई."

"पेशंट आडमुठा होता," मी म्हणते. अठरा महिने साठलेलं एकदम ओठावर येतं. "पाणी गरम केलं की भाजलं म्हणायचा, कोमट केलं की गारठलो म्हणायचा. शेवया केल्या की भाकरी मागायचा, भाकरी कुस्करून दिली की माझ्याकडं बघून म्हणायचा, जनावराला घालतीस का. आल्यागेल्याला सांगायचा, सून जेवायला देत नाही. आणि हे तोंडात घास असताना सांगायचा."

"पुढं?"

"तोंड वाकडं झालं होतं, बोलणं नीट कळायचं नाही. पण शिवी दिली की ती मात्र सरळ यायची."

आत्तींचा चेहरा खुलतो. हे त्यांना आवडलंय. त्या ठिपक्यांच्या ओळीखाली एक मोठा ठिपका काढतात.

"कागदं काढ. साळा सोडल्याचा दाखला."

मी फाईल उघडते. प्लॅस्टिकच्या पहिल्या कप्प्यात दाखला असतो, मी स्वतः घातलाय. पण तिथं भाकरी आहे. घडी घातलेली भाकरी आणि तिच्या पापुद्र्यावर आमच्या हायस्कूलचा निळा गोल शिक्का. दाराबाहेरच्या पोरी मान उंच करून बघायला लागतात.

"आत्ती, दाखला घरी राहिला वाटतं."

"शिक्का हाय न्हवं?"

"आहे."

"मंग चालतंय." आत्ती भाकरीचा कोपरा मोडून तोंडात टाकतात आणि चावत चावत तपासतात. "दाखला आसलच हाय. मीठ कमी पडलंय. चल आता, प्रॅक्टिकल."

मागचं दार उघडतं तेव्हा तिथं आमचा गोठा असायला हवा. तिथं एसटी उभी आहे. मी पायरीवर पाय ठेवते आणि गाडी सुटते. आत बाकं नाहीत. दोन्ही बाजूंनी लोखंडी खाटा आहेत आणि खाटांवर म्हातारी माणसं पांघरुणं घेऊन पडलीत. कंडक्टर मधल्या बोळातनं डुलत डुलत येतो, कुणाच्या काखेत थर्मामीटर लावतो, कुणाच्या काढतो. मग दोरी ओढून घंटी देतो आणि ओरडतो, "कूस बदला." सगळी गाडी एकदम डावीकडनं उजवीकडं वळते. एसटीसुद्धा जरा कलते.

शेवटच्या खाटेवर आत्ती पडल्यात. मगाशी खुर्चीत ताठ बसलेल्या, आता डावी बाजू गळालेली आणि चेहऱ्यावर तोच जुना भाव, कुणीतरी आपल्या वाटणीचं खाल्ल्याचा.

"चादर बदल," त्या म्हणतात. "मला खाली न उतरवता. आनि गाडी थांबनार न्हाई."

हे मला येतं. ह्या एका गोष्टीत मी कुणाच्या बापाला ऐकायची नाही. मी त्यांना माझ्या बाजूला कुशीवर घेते, गुडघा जरा दुमडून, म्हणजे त्या कलंडत नाहीत. मळकी चादर लांबीनं गुंडाळत पाठीपर्यंत आणते. नवी तिच्या मागं गुंडाळून ठेवते. मग आत्तींना त्या वळकट्यांवरनं पलीकडं वळवते आणि दोन्ही चादरी ओढते, एक बाहेर येते, एक पसरते. गाडी खड्ड्यातनं जाते तरी आत्तींचं डोकं उशीवरनं हलत नाही. एक सुरकुती नाही. मी हातानं चादर साफ करते आणि मला स्वतःचाच इतका अभिमान वाटतो की शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याकडं मी उगीचच हसून बघते.

"येणी लई घट घालायचीस," आत्ती छताकडं बघत म्हणतात. "डोळं वर जायाचं माजं. बगाया येनाऱ्या बायका म्हनायच्या, अनुसया तेवढ्यात तरनी दिसाय लागली."

"सैल घातली की गुंता व्हायचा."

"मी तक्रार न्हाई करत. मार्क घालतेय."

खिडकीबाहेर द्राक्षाच्या बागा लागतात. मांडवाखाली घडांच्या जागी सलाईनच्या बाटल्या लटकतायत, ओळीच्या ओळी, उन्हात चकाकणाऱ्या. प्रत्येकीतनं थेंब थेंब खाली जमिनीत जातोय. कुठनं तरी मामांचा रेडिओ लागलेला आहे. भुरी दिसताच शेतकरी बांधवांनी दर दोन तासांनी वेलाची कूस बदलावी, रेडिओ सांगतो. मला हे पटतं.

मग गाडी नसते. मी आणि आत्ती बागेतनं चालतोय, बाटल्या डोक्याला लागू नयेत म्हणून जरा वाकून. त्या पुढं, मी मागं, बाजाराला जाताना जायचो तशा. उद्या पाच वाजता ही बाग बंद होणार असं मला कळतं, कसं ते सांगता येत नाही. आत्ती भराभर चालतात.

"पाय उचल. साळंला उशीर हुईल."

मी थांबते.

"आत्ती, मी जाणार नाही."

"का? हॉस्टेलात ढेकनं हायती म्हनून?"

"नाही."

"माझा लेक नगं म्हनला?"

"त्यांना माहीतच नाही अजून."

"मंग?"

आठ महिने मी हे वाक्य मनात तयार करतेय. भांडी घासताना केलं, म्हशीची धार काढताना केलं. मला वाटायचं, कधी बोलायची वेळ आलीच तर नीट, पहिल्यापासनं सांगेन. पण तोंडातनं नुसतं एवढंच निघतं, "तुमची शेवटची गोळी मी दिली नाही."

आत्ती वळतात.

"डोहाळजेवणाला गेले होते. आले आणि विसरले. ती वाटीतच राहिली. सकाळी तुम्ही… मी मोरीत टाकली ती. कुणाला सांगितलं नाही."

"कुठली गोळी?"

"संध्याकाळची. लघवीची. पांढरी."

आत्ती माझ्याकडं बघतात. मग त्यांचे खांदे हलायला लागतात. मला वाटतं त्या रडतायत. पण त्या हसतायत. हसता हसता त्या मांडवाच्या खांबाला धरतात, खांब हलतो, आणि सगळ्या बाटल्या एकमेकींवर किणकिणायला लागतात. पानाचा रस हनुवटीवर येतो. मी सवयीनं पदरानं तो पुसते.

"तेवढ्यासाटी?" त्या म्हणतात. "आगं, मी ती गिळली कवा?"

"म्हणजे?"

"दिवाळीपास्नं येक न्हाई गिळली."

"मी स्वतः तुमच्या तोंडात घालत होते. वर पाणी पाजत होते."

"घालत हुतीस. जिभंखाली बगत हुतीस का?"

मी उभीच राहते. दिवाळी ते फाल्गुन. रोज संध्याकाळी मी गोळी ठेवायची, फुलपात्र लावायचं, आत्ती घटाघट पाणी प्यायच्या, वर ढेकर द्यायच्या. मला त्या ढेकरेचं किती समाधान वाटायचं.

"पानी वरनं जायाचं, गोळी खाली बसायची," आत्ती समजावून सांगतात, एखादी पाककृती सांगावी तशा. "तू पाठ फिरिवलीस की उजव्या हातात. त्या दिशी तू विसरलीस तर मला बरंच वाटलं. येक दिस थुकायचं काम वाचलं."

"आणि मी सिस्टरांना तीनदा बोलावलं. पायाची सूज का उतरत नाही म्हणून. त्यांनी मीठ बंद करायला लावलं."

"त्ये मातर मी ईसरले न्हाई. मिठाचं तुला माफ न्हाई."

मला राग येतो. इतका राग मला त्या जिवंत असतानाही आला नव्हता. आठ महिने मी एका गोळीसाठी स्वतःला खात बसले, आणि इकडं हा कारभार. मी म्हणते, "कशासाठी केलं असं? माझ्यावर सूड म्हणून?"

आत्ती टोपी नीट करतात. एक पिन काढतात, परत तिथंच लावतात. त्यांना बोलायचं नसलं की त्या असंच काहीतरी करायच्या.

"ती गिळली की राती चार बाऱ्या भांडं लागायचं," त्या खाली बघत म्हणतात. "चार बाऱ्या तुला उठवायचं. परत पाटं म्हशीची धार, पोरीचा डबा. येक दिस माज्या पाठीला पावडर लावता लावता तू बसल्या जागी झोपलीस. डबा माज्या तोंडावर वतलास."

ते मला आठवतं. आत्ती पांढऱ्याफटक झाल्या होत्या आणि मी घाबरून ओरडले होते.

"त्या दिशी ठरिवलं. बस झालं."

"मला सांगायचं होतं."

"सांगितलं आसतं तर गिळाय लावली आसतीस."

लावली असती, ह्यात शंका नाही. मी तिथंच बाटल्यांखाली मातीत बसते आणि रडते, रागानंही आणि आणखी कशानंही. अठरा महिने मला वाटलं मी त्यांना सांभाळतेय. आत्ती शेजारी बसत नाहीत, पाठीवरनं हात फिरवत नाहीत. तेवढं लाडाचं त्यांना मेल्यावरही जमत नाही. उभ्या राहून वाट बघतात, नळाखालचा हंडा भरायची बघतात तशी.

"तुम्ही गोळी घेतली असती तर जगला असता," मी म्हणते.

"आठ्ठ्याहत्तर झाली हुती मला. आनि मीट बंद."

"पण चूक माझीच की. एक दिवसाची नाही, रोजची. जीभ बघायला हवी होती."

"व्हय. बगाया हवी हुती."

"मग मी नर्स कशी होणार?"

"शिकून," आत्ती म्हणतात. "पयल्यापास्नंच समदं येतंय त्येला साळंत कशाला घेत्याल?"

बाग परत आमच्या स्वयंपाकघरासारखी दिसायला लागलीय, मांडवाला शिंकं लटकतंय. मी नाक पुसते.

"निकाल काय मग?"

"पाठीला शंभरातलं शंभर." त्या विचार करतात. "पंच्यान्नव. येणीचं पाच कापलं. जिभंला भोपळा."

"पास का नापास?"

"हिकडं ये. शिक्का मारते."

"कागद नाही माझ्याकडं."

"गाल हाय न्हवं," आत्ती म्हणतात आणि अंगठा माझ्या गालावर ठेवून दाबतात. चांगला जोरात. मी म्हणते, आत्ती, दुखतंय. त्या म्हणतात, दुखू दे, न्हाईतर पुसून जाईल, आणि आणखी दाबतात.

"हेमा, चार वाजलं. च्या ठिवतीस का भुरीवर फवारा मारून यिऊ?"

मामा. सोप्यातनं. हा विनोद ते रोज चार वाजता करतात.

पंखा कुरकुरतोय. स्वयंपाकघर आपल्या मापाचं झालंय. मी झोपले नव्हते असं मी सुरुवातीला म्हटलं होतं, ते सोडून द्या. गाल ठणकतोय. मी उठून सोप्यात जाते तर मामा चष्मा वर करून बघतात.

"गालाला काय झालं गं?"

मी कोनाड्यातला आरसा घेते. उजव्या गालावर, हाडाच्या जरा खाली, एक लहान गोल खळगा उमटलाय. बरोबर गोल, काढल्यासारखा. आणि त्याच्या मधोमध एक आडवी रेघ.

असा शिक्का मी रोज संध्याकाळी बोटात धरलाय. अर्धी मोडायची झाली तर मोडता यावी म्हणून मधे रेघ असते.

मी आत जाते आणि वाकळेचा काठ चाचपते. टोचत होतं तिथं गाठ नाही. त्याच्या पुढंही नाही, त्याच्याही पुढं. एका जागी शिवण उसवून परत दोन मोठ्या टाक्यांनी अर्धवट धरलीय. मी टाका तोडते आणि काठ ताटलीवर उलटा करून झटकते. पांढरी भुकटी पडते, एकमेकींना चिकटलेले चपटे गोळे पडतात, पिवळसर झालेल्या, कडा विरघळलेल्या गोळ्या पडतात, आणि काही अगदी अख्ख्या. बहुतेक त्या दिवशी तोंड कोरडं असेल.

दारात सावली येते. मामा. रेडिओ काखेत.

"घावल्या व्हय," ते म्हणतात.

"मामा, तुम्हाला माहीत होतं?"

"शिवन मीच उसवून दिली हुती. तिला येका हातानं जमंना." ते चौकटीला टेकतात. "नदीला टाकायच्या दिशी तू ही पेटीमागं दडिवलीस, तवाच म्हनलं, आज ना उद्या घावनार."

"पण का? का उसवून दिलीत?"

मामा रेडिओचा आवाज कमी करतात. पंधरा वर्षांत मी त्यांना हे करताना पहिल्यांदा बघतेय.

"ती म्हनली, पोरगी झोपंना," ते म्हणतात. "मी तिला नगं म्हनलं न्हाई कवाच. तुला म्हाईतच हाय."

आत्ता, आत, बागेत, आत्तींनी मला हेच सांगितलं, असं म्हणून काय उपयोग. मी ताटली ओट्यावर ठेवते. वाकळ उचलताना घडीतला कागद खाली पडतो आणि मामा तो उचलून डोळ्यांपासून लांब धरतात. सतराव्या नंबरपर्यंत पोचायला त्यांना बराच वेळ लागतो.

"नर्स?"

"हो."

"कवा?"

"उद्या. पाचच्या आत सांगलीला पोचायचं."

"जानार?"

"जाणार," मी म्हणते. माझाच आवाज मला जरा मोठा वाटतो. "रात्री ह्यांना सांगते. वाकळ घेऊन जाणार. धुवून नाही."

मामा मान हलवतात. डोळे पुसतात की चष्मा पुसतात, कळत नाही. मग एकदम आठवून विचारतात, "मंग माजी गोळी कोन देनार?"

मामांना चार वाजता रक्तदाबाची गोळी असते. आत्तींच्या नंतर ती माझ्याकडंच आली.

"तुमचा लेक देईल."

"संभा?" मामांचा चेहरा उजळतो, जरा जास्तच लवकर. "आसू दे, आसू दे. संभा देऊ दे. चांगला हाय संभा."

मी डबीतनं गोळी काढते, तांब्या आणते. मामा गोळी जिभेवर ठेवतात, मान मागं टाकतात, घटाघट पाणी पितात. गळ्याची घाटी वरखाली होते. फुलपात्र माझ्या हातात देतात, एक मोठी, समाधानाची ढेकर देतात आणि रेडिओकडं हात नेतात.

"मामा."

"आँ?"

"तोंड उघडा."

ते उघडतात.

"जीभ वर करा."

मामा माझ्या गालाकडं बघतात. मग ओट्यावरच्या ताटलीकडं. रेडिओवरचा माणूस शेतकरी बांधवांचे आभार मानून निरोप घेतोय. जीभ हळूहळू वर जाते. खाली गोळी बसलेली आहे, पांढरी, गोल, मधे रेघ.

"तिनंच शिकिवलं," ते तोंड तसंच उघडं ठेवून म्हणतात.

"मला माहीत आहे," मी म्हणते. "गिळा."

मी फुलपात्र परत भरते, आणि ते गिळून जीभ पुन्हा वर करीपर्यंत तिथून हलत नाही.